सामान सायकलवरून उतरले तेव्हा: सायकल सहलीच्या गाईडची पार्श्वभूमी

सायकलवरून भटकंती करणे जुनेच आहे. सोबत पगारी गाईड असणे मात्र अलीकडचे. नाशिकला हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे जाणारे आठ-दहा पाहुणे, पुढे एक गाईड, शेवटी दुसरा आणि मागून सामानाची गाडी, ही रचना वाटते तेवढी साधी नाही. तिच्यातला एकेक भाग वेगवेगळ्या काळात येऊन चिकटला आहे.

सुरुवातीला गाईड नव्हता, जाळे होते. 1878 साली इंग्लंडमधल्या हॅरोगेटला सायकलस्वारांचा एक पर्यटन क्लब निघाला, तोच पुढे सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब झाला. सभासदांना ठरलेल्या दरात उतरता येईल अशी हॉटेले, दुरुस्ती करणारे कारागीर आणि गावोगावी माहिती सांगणारे स्थानिक सभासद क्लबने नेमले. या सभासदांना ‘कॉन्सुल’ म्हणत. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याचे फलकही लावले. म्हणजे आज गाईड जे तोंडी सांगतो, ‘पुढे उतार आहे, ब्रेक सांभाळा’, ते तेव्हा पाटीवर लिहिलेले असे. सामान मात्र ज्याचे त्यानेच वाहायचे आणि पंक्चरही ज्याचे त्यानेच काढायचे.

त्यानंतर फ्रान्समध्ये सेंट-एतिएनच्या पॉल द विव्ही यांनी एकापेक्षा जास्त गिअरचा आयुष्यभर आग्रह धरला. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हे त्यांनी सायकलस्वारांना घालून दिलेले नियम आजच्या गाईडच्या कामाचा निम्मा भाग आहेत. गिअर आल्यामुळे डोंगराळ मुलूख बेताच्या ताकदीच्या माणसालाही खुला झाला. नाहीतर सप्तशृंगीचा घाट चढण्याची कल्पना पाहुण्यापुढे मांडण्याचीही कुणाची छाती झाली नसती.

खरा फरक पडला 1960-70 च्या दशकांत, उत्तर अमेरिकेत. कॅनडात 1966 साली बटरफील्ड अँड रॉबिन्सन ही सहल कंपनी निघाली. पुढे व्हरमाँटमध्ये एका मुक्कामाच्या घरातून दुसऱ्यात सायकलने जाण्याच्या सहली रुजल्या आणि 1979 मध्ये बर्कलीला बॅकरोड्स सुरू झाली. मधे 1976 मध्ये ‘बाइकसेंटेनियल’ झाले. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण 6,800 किलोमीटरचा मार्ग आखून त्यावर हजारो लोक निघाले आणि त्यांच्या तुकड्यांसाठी प्रमुख तयार करावे लागले. सहल कंपन्यांनी पुढची पायरी गाठली: सामान गाडीत टाकले. पाहुण्याच्या सायकलवर पाण्याची बाटली आणि रेनकोट एवढेच उरले. सामान उतरले आणि गाईडचे काम चढले. आता तो नुसता वाटाड्या राहिला नाही. गाडी कुठे थांबेल, खोल्या कधी उघडतील, कोण दमले आहे आणि कोण दमल्याचे लपवते आहे, हे सगळे त्याच्याकडे आले.

मराठी माणसाला हे चित्र अनोळखी नाही. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा दिंडीचा ट्रक भांडीकुंडी, तंबू, वळकट्या घेऊन पुढच्या मुक्कामी आधी पोहोचलेला असतो. चालणाऱ्याने फक्त चालायचे. शिस्त राखायला चोपदार असतो. पुढे नाशिकहून पंढरपूरची सायकल वारी सुरू झाली तेव्हा हीच शिस्त चाकांवर आली. मोठा जथा तीनशेहून अधिक किलोमीटर न्यायचा तर पुढचा माणूस कोण, शेवटचा कोण आणि गाडी कुठे, हे आधीच ठरवावे लागते.

नाशिकच्या सायकलिंगचा दुसरा धागा लांब पल्ल्याचा. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी दोघांचा संघ म्हणून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. त्याच सुमारास ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरे करायच्या सायकल फेऱ्या, गाजू लागल्या होत्या: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 चाळीस तासांत. त्यातून पाय आणि फुप्फुसे कमावलेली मुले तयार झाली आणि सहलीला गाईड हवा म्हटले की साहजिकच तीच पुढे येतात. इथेच गफलत होते. सहलीचा दिवस 40 ते 60 किलोमीटरचा असतो आणि पुढच्या गाईडने ताशी 14-15 च्या वर जाऊ नये. ब्रेव्हेवाल्याच्या पायाला हा वेग शिक्षेसारखा वाटतो. तो नकळत 22 वर जातो, घोळका दोन किलोमीटर ताणला जातो आणि मागच्या गाईडला पुढे काय चालले आहे ते कळेनासे होते. मागच्याचा नियम एकच: शेवटच्या पाहुण्याच्या पुढे जायचे नाही, मग तो कितीही रेंगाळो.

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन हे तिन्ही प्रत्येक सायकलवर हाताने तपासायचे. सीटची उंची बघायला सोपी रीत: पेडल खाली, टाच पेडलवर, पाय जेमतेम सरळ. चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. तरी पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबायचेच, कारण सीट खुपते हे पाहुणा आपणहून सांगत नाही.

पंक्चरच्या बाबतीत इथला गुन्हेगार बाभळीचा काटा आणि सराटा. घाईत नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही बसते, कारण काट्याचे टोक टायरमध्येच असते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचे, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे हे मोजून टायरवर तीच जागा धरायची आणि आतून जुने कापड फिरवायचे. काटा असेल तर कापड अडकते. बोट फिरवू नये, सराटा बोटात शिरतो. गावच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारीच्या व्हॉल्व्हवर चालतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर लागतो, शेंगदाण्याएवढा आणि अगदी स्वस्त. तो नसल्यामुळे सहली खोळंबतात. डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, हाही असाच: फ्रेमनुसार बदलतो, सायकल आडवी पडली की वाकतो आणि अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलचा एक गाडीत ठेवायचा. तुटलेली चेन जोडणाऱ्या क्विक लिंकही आठ, नऊ, दहा स्पीडच्या वेगळ्या.

घाट उतरताना नवखा ब्रेक सतत दाबून धरतो. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड सुटते. जोरात पण थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि दोन्ही ब्रेक वापरा, हे माथ्यावर सांगायचे. उतारावर सांगून उपयोग नसतो. अर्ध्या वाटेवर थांबा ठेवायचा. पावसाळ्यात त्र्यंबक-जव्हार बाजूला धुके आणि कडेचे शेवाळ असते. तेव्हा मागे लाल दिवा भरदिवसाही लागतो.

सुला वायनरीने 2000 साली इथे वाइन बाजारात आणली आणि मग द्राक्षाच्या शिवारातून सायकलने फिरणे ही विकता येण्याजोगी गोष्ट झाली. काढणीचा हंगाम, साधारण जानेवारी ते मार्च, मागणीचाही. पण तेव्हा दिंडोरी-निफाडच्या वाटांवर द्राक्षांचे पिकअप, कांद्याचे ट्रॅक्टर आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. निफाडला पारा एवढा उतरतो की सातला निघणारी सहल साडेसातला ढकलावी लागते. बागेत ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर वाऱ्याची दिशा बघून बाजूच्या रस्त्याने न्यायचे. वाइन चाखायची ती सायकल संपल्यावर, परतीला गाडी. या बाबतीत पाहुण्याशी वाद घालायचा नाही आणि सूटही द्यायची नाही.

राज्याचे साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आले आणि सहली काढणाऱ्यांना नोंदणी करावी लागली. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, विमा, पाहुण्यांच्या आजारांची आधी घेतलेली माहिती हे कागदावर आले. जाणते आयोजक आधीही हे करत. ताजी भर ई-बाईकची. तिच्या बॅटरीची क्षमता बहुधा 400 वॉट-अवरच्या वर असते, तर प्रवासी विमानात 160 च्या वरची नेता येत नाही. म्हणून पाहुणा स्वतःची आणत नाही, इथलीच भाड्याने घेतो. सासू आणि जावई आता एका वेगाने चढतात, हे चांगलेच. पण सपाटीवर टर्बो मोड लावून बॅटरी संपवलेली 23-24 किलोची सायकल वणीच्या चढावर ढकलण्याचे काम मागच्या गाईडकडेच येते. म्हणून सकाळी सीटची उंची बघताना तो आता कोणता मोड लावला आहे तेही बघतो आणि ‘इको’वर आणून ठेवतो.