कोंबड्यांना कसावा घालायचा, पण कसा?

कोंबडीपालनात साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावर होतो आणि त्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो. कोकणात तो येतो घाटावरून, गाडीभाड्यासकट. त्यात आता इथेनॉलवालेही मक्याचे गिऱ्हाईक झालेत. म्हणून कसाव्याकडे पाहायला हवं. साबुदाणा होतो तोच हा कंद. मूळ दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आलेला आणि केरळात रुजलेला. पाणी तुंबत नसेल तर जांभ्या मातीतही येतो. रानडुकरांनी ठेवला तर!

खरी गोम आहे वाळवण्यात. कसाव्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) पेशीत वेगळ्या जागी असतं. कंद चिरला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायानिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विषच, सुटतं. पण ते साधारण २६ अंशांवरच उकळतं, त्यामुळे उन्हात उडून जातं. गंमत म्हणजे भट्टीत झटपट वाळवलेल्या कापांत विषाचा अंश जास्त उरू शकतो, कारण विकराला काम करायला वेळच मिळत नाही. कडक पण सावकाश ऊन बरं. जूनला लावलेला कसावा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, म्हणजे नेमका आमसुलं वाळत घालायच्या दिवसांत. तापलेला कातळ आहेच. साल मात्र काढावी, विष तिच्यात अधिक. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होतो, तेव्हा लगेच चिरायचा. वाळलेले काप पावसाळ्यात सर्दावले तर बुरशी धरतात, आणि बुरशी कोंबड्यांना भोवते.

आता हिशेब. ऊर्जेत कसावा मक्याच्या जवळपास जातो, पण प्रथिनांत तोकडा. एक किलो मक्याच्या जागी तेवढाच सुका कसावा घातला तर सुमारे ६० ग्रॅम प्रथिनं कमी पडतात. ती भरायला सव्वाशे-दीडशे ग्रॅम सोयापेंड लागते. वर थोडं मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्लही, कारण उरलंसुरलं सायनाइड निकामी करायला शरीर त्यातलंच गंधक वापरतं. शिवाय एक किलो काप मिळायला अडीच-तीन किलो ओला कंद लागतो. हे सगळं धरून मक्यापेक्षा स्वस्त पडलं तरच, आणि तेही आधी थोड्या प्रमाणात.

कापांचं पीठ उधळतं, म्हणून खाद्य ओलसर करून घालावं. बलक फिका पडतो, कारण मक्यातला पिवळा रंग यात नाही. वाळवलेला कसाव्याचा पाला थोडा मिसळला तर रंग आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. मात्र पाल्यात विष भरपूर, त्यामुळे तोही चिरूनच वाळवायचा.