कृष्णधवल छायाचित्रांची घरगुती इंकजेट छपाई

कृष्णधवल छायाचित्रांची घरगुती इंकजेट छपाई : शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर उडवून घरच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढण्याची पद्धत. थेंब उडवण्यासाठी एप्सनचे प्रिंटर विजेच्या दाबाने आकार बदलणारे पिझो स्फटिक वापरतात, तर कॅनन आणि एचपीचे प्रिंटर शाई क्षणभर तापवून बुडबुडा तयार करतात. रंगीत फोटोपेक्षा हे काम सोपे असेल असे वाटते, पण खरा कस इथेच लागतो. काळा रंग कोणताही प्रिंटर देतो; अडचण करड्याची आहे.

एकट्या काळ्या शाईतून करडा काढायचा तर थेंब विरळ टाकावे लागतात. भिंगातून पाहिल्यास गालावरच्या उजळ भागात तीळ विखुरल्यासारखे ठिपके दिसतात. काहींना हे दाणेदार रूप आवडते. ठिपके टाळण्यासाठी प्रिंटर निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा बनवतो. मग झाक येते. बल्बखाली ठीक वाटलेला प्रिंट खिडकीशी नेला की हिरवट दिसू लागतो. या दोषाला छापणारे ‘मेटामेरिझम’ म्हणतात आणि सुरुवातीच्या पिगमेंट (घन रंगकणांच्या) शायांमध्ये तो फार जाणवे.

यावरचा उपाय म्हणजे काळी शाईच पातळ करून वापरणे. एप्सनच्या २००५ मधील स्टायलस फोटो आर२४०० या प्रिंटरात काळ्यासोबत फिकट आणि अतिफिकट अशा आणखी दोन काळ्या शाया होत्या. त्याच्या खास कृष्णधवल मोडमध्ये रंगीत शाई केवळ झाक जुळवण्यापुरती लागे. कॅननच्या पिक्स्मा प्रो-१ मधल्या बारा टाक्यांपैकी पाच काळ्या-करड्या होत्या. अमेरिकेतील मुद्रक जॉन कोन यांची पिझोग्राफी याही पुढे गेली : रंगीत शाया काढून टाकून सगळ्या टाक्यांत काळ्याच्याच छटा भरायच्या. रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर एप्सनच्या प्रिंटरांत कोणती शाई किती पडावी हे वापरणाऱ्याच्या हाती देते.

भारतात एप्सन एल८०५ सारखे सहा रंगांचे टाकीवाले प्रिंटर पुष्कळांकडे असतात. त्यात फिकट निळी आणि फिकट किरमिजी शाई असते, करडी नसते. शिवाय शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. अशा शाईतले रंग उजेडात सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे भिंतीवरचा करडा प्रिंट हळूहळू रंगीत होऊ लागतो. पिगमेंट शाईत रंगद्रव्याचे घन कण असतात आणि त्यांतही कार्बन सर्वांत टिकाऊ. जुन्या पोथ्यांची अक्षरे अजून काळीभोर दिसतात, कारण ती शाईही काजळीचीच असे.

कागदावर बरेच अवलंबून असते. ग्लॉसी आणि बरायटा (बेरियम सल्फेटचा लेप दिलेल्या) कागदाला फोटो ब्लॅक ही काळी शाई लागते, सुती मॅट म्हणजे चमक नसलेल्या कागदाला मॅट ब्लॅक. मॅटवर काळा कधीच तितका गडद येत नाही. पावसाळी आभाळ, धुके, म्हातारा चेहरा अशा मऊ चित्रांना मात्र तोच शोभतो. आर२४०० मध्ये कागद बदलला की कार्ट्रिजही बदलावे लागे. पुढच्या अनेक प्रिंटरांत दोन्ही काळ्या शाया बसवलेल्या असत, पण कागदाकडे जाणारी वाट एकच. प्रत्येक बदलाला थोडी महागडी शाई वाया जाई. एप्सनच्या २०२० च्या पी७०० आणि पी९०० मध्ये दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल (शाई सोडणारी छिद्रे) मिळाले.

प्रिंटर पडून राहिला की शाई सुकून हेड (नोझल असलेला भाग) जाम होते, म्हणून आठवड्याला एखादा छोटा प्रिंट काढावा आणि मोठा कागद घालण्याआधी नोझल चेक करावा, म्हणजे चाचणीच्या रेघा छापून पाहाव्यात. एक रेघ जरी तुटकी आली तरी सपाट आभाळात पट्टे उमटतात. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडा वळतात, वळलेली कड हेडला घासते आणि पांढऱ्या समासावर काळा ओरखडा उमटतो. त्यामुळे उरलेला कागद पिशवीत बंद करून सपाट ठेवतात. ताज्या प्रिंटवर लगेच मत देऊ नये. तो रात्रभर वाळू द्यावा, मग सकाळी खिडकीपाशी आणि संध्याकाळी दिव्याखाली धरून पाहावा.