लघुग्रह ‘आदळणार’ असे म्हटले कोणी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या बातम्यांत मुंबईचे नाव आले आणि २२ डिसेंबर २०३२ ही तो पृथ्वीवर आदळण्याची तारीख म्हणून व्हॉट्सॲपवर फिरू लागली. नासाने ‘इशारा दिला’, ‘भाकीत केले’ अशी वाक्ये तेव्हा सर्रास वाचायला मिळत होती. मूळ इंग्रजीत मात्र खगोलशास्त्रज्ञांचे क्रियापद होते ‘एस्टिमेट’, आणि सगळी गोम तिथेच आहे.

इंग्रजीत ‘प्रेडिक्ट’चे कर्म म्हणजे प्रत्यक्ष घटना: अमुक होईल. ‘एस्टिमेट’चे कर्म म्हणजे एखादी राशी: अंतर, वजन किंवा शक्यता. नासाने टक्कर वर्तवली नव्हती, टकरीची शक्यता मोजली होती. ‘वॉर्न’ आणखी वेगळे. त्यात सांगणारा स्वतः तो धोका खरा मानतो आणि ऐकणाऱ्याने सावध व्हावे अशी अपेक्षा धरतो. ‘प्रोजेक्ट’मध्ये एक ‘जर’ दडलेला असतो. हवामानबदलाचे अभ्यासक तापमानवाढीबद्दल हे क्रियापद वापरतात, कारण उत्सर्जन किती होईल यावर त्यांचे उत्तर अवलंबून असते. क्रियापद बदलले की दावाच बदलतो.

आता त्या शक्यतेकडे येऊ. हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील ॲटलास दुर्बिणीला दिसला, तेव्हा तो पृथ्वीजवळून नुकताच पुढे गेला होता. सूर्याभोवतीच्या त्याच्या एका फेरीला सुमारे चार वर्षे लागतात आणि आपल्या हाती होता त्या कक्षेचा काही आठवड्यांचा तुकडा. वेगाच्या मोजमापातली बारीकशी चूक आठ वर्षांत प्रचंड वाढते. त्यामुळे २०३२ मधील त्या दिवशी लघुग्रह कुठे असेल, याचे उत्तर एक बिंदू न येता लांबलचक, अरुंद पट्टा येते. पृथ्वी त्या पट्ट्यातला एक ठिपका. पट्टा पृथ्वीच्या पलीकडेही दोन्ही बाजूंना पसरलेला होता.

समजा पट्टा १० लाख किलोमीटर लांब आहे आणि त्यात लघुग्रह कुठेही असण्याची शक्यता सारखीच आहे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे तिने व्यापलेला भाग सुमारे १.३ टक्के. नवी निरीक्षणे आली, पट्टा ४ लाख किलोमीटरवर आला, पृथ्वी अजून आतच आहे. आता तोच भाग ३.२ टक्के! लघुग्रहाने दिशा बदललेली नाही, पृथ्वी मोठी झालेली नाही, फक्त आपले अज्ञान कमी झाले. पुढे पट्ट्याचे टोक सरकत पृथ्वीच्या अलीकडे आले की शक्यता एकदम कोसळते. (खऱ्या गणितात पट्टा मध्यभागी दाट आणि टोकांना विरळ असतो, गुरुत्वाकर्षणामुळे पृथ्वीचे लक्ष्यही थोडे मोठे धरावे लागते, पण चढून मग पडण्याचे कारण हेच.) १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला आणि आठवडाभरात ०.००४ टक्क्यांवर आला.

मुंबईचे नावही या पट्ट्यातूनच आले. तो पृथ्वीला जिथे छेदत होता ती रेषा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होती. टक्कर झालीच असती तर ती या रेषेवर कुठेतरी, एवढाच त्याचा अर्थ.

आकडा पडल्यावर ‘नासाचा अंदाज चुकला’ असेही ऐकू आले. ३.१ टक्के म्हणणाऱ्याने ९६.९ टक्के ‘आदळणार नाही’ हेही सांगितलेले असते. मग चुकले काय? ‘आदळणार असल्याचे नासाने म्हटले’ आणि ‘आदळण्याची शक्यता सुमारे ३ टक्के असल्याचा नासाचा अंदाज’ ही दोन वाक्ये मराठीतही तितकीच वेगळी आहेत, आणि दुसरे लिहायला काही जड जात नाही. ग्रहयोगांवरून जगबुडीची तारीख सांगणाऱ्यांना नेमके पहिले वाक्य हवे असते. ते ना शक्यता सांगतात, ना नव्या निरीक्षणानंतर आकडा बदलतात. भाकीत हा शब्द त्यांच्यासाठी आणि शास्त्रज्ञांसाठी एकच वापरणे मला घातक वाटते.

अपोफिस या लघुग्रहाचे उदाहरण पाहा. डिसेंबर २००४ मध्ये, १३ एप्रिल २०२९ रोजी तो आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढे जुनी छायाचित्रे सापडली, रडारने मोजमापे झाली आणि पट्टा अगदी आखूड झाला. आता त्या तारखेबद्दल शास्त्रज्ञ ‘एस्टिमेट’ किंवा ‘कुड’ (होऊ शकेल) वापरत नाहीत. अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, असे ते सरळ भविष्यकाळात लिहितात.