कोड रिव्ह्यूला उत्तर (कर्नेलमधील मेमरी ड्रायव्हर)

लिनक्स कर्नेलसाठी (कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी) पाठवलेल्या पॅचवर, म्हणजे संहितेतील बदलांच्या मजकुरावर, परीक्षकांनी घेतलेल्या आक्षेपांचे निरसन करून सुधारित पॅच पुन्हा सादर करण्याची पद्धत. येथे तिचा विचार मुख्यतः /डेव्ह/मेम या कॅरेक्टर उपकरणाच्या (संगणकाची भौतिक स्मृती फाइलसारखी वाचू-लिहू देणाऱ्या) ड्रायव्हरच्या संदर्भात केला आहे. या उपकरणाचा मुख्य क्रमांक (ड्रायव्हर ओळखण्याचा) १ व उपक्रमांक (त्या ड्रायव्हरखालचे उपकरण ओळखण्याचा) १. याच मुख्य क्रमांकाखाली /डेव्ह/नल (३), /डेव्ह/झिरो (५) व /डेव्ह/फुल (७) ही उपकरणे येतात. उपक्रमांक २ चे /डेव्ह/केमेम २०२१ मध्ये, ५.१३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आले. मेमरी नियंत्रकांचे आणि फ्लॅश स्मृतीचे ड्रायव्हर कर्नेलच्या वेगळ्या उपशाखांत असतात व त्यांचे परीक्षकही वेगळे असतात.

संज्ञा : ‘रिव्ह्यू’साठी मराठीत समीक्षा, परीक्षण व पुनरावलोकन असे तिन्ही शब्द वापरात दिसतात. समीक्षेला साहित्यविचाराचा वास आहे आणि पुनरावलोकनात नुसते मागे वळून पाहणे आहे. दोष शोधून तो दूर होईपर्यंत संमती रोखून धरणे हा अर्थ ‘परीक्षण’ या शब्दात अधिक नेमका येतो, म्हणून या नोंदीत तो स्वीकारला आहे. सांगली-कराडकडील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मात्र ‘रिव्ह्यू आला’, ‘कमेंट आल्या’ असेच रूढ आहे.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत ती मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये विकसित करून १९७६ मध्ये मांडलेल्या औपचारिक तपासणीपर्यंत नेते. तिच्यात संचालक, आराखडाकार, संहिताकार व चाचणीकार अशा ठरलेल्या भूमिका असत आणि तपासणी बैठकीत होई. दुसरे मत लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ या आज्ञावलीपासून (१९८५) सुरुवात मानते. त्या आज्ञावलीमुळे दोन संहितांमधला फरक मजकूर म्हणून पाठवणे, त्यावर ओळीगणिक टिपण करणे आणि तो जसाच्या तसा लावणे सोपे झाले. १९९० च्या सुमारास आलेल्या युनिफाइड डिफ या फरक लिहिण्याच्या पद्धतीने तो मजकूर माणसाला वाचण्याजोगा केला. कर्नेलच्या परीक्षणात बैठक नाही, संचालक नाही, सारे लेखी व सर्वांसमक्ष होते. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फॅगन यांची तपासणी ही समांतर परंपरा मानावी. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ (ही संहिता देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी पाठवणाऱ्याची ग्वाही) मे २००४ मध्ये आली. तिच्यामागे लिनक्समधील संहितेच्या मालकीवरून एससीओ या कंपनीने केलेल्या, २००३ पासून चाललेल्या खटल्याची पार्श्वभूमी होती. परीक्षकाची संमती नोंदवणाऱ्या ‘रिव्ह्यूड-बाय’ला निश्चित अर्थ त्यानंतर, साधारणपणे २००७-०८ च्या सुमारास मिळालेला दिसतो.

आक्षेपांचे स्वरूप : /डेव्ह/मेमवरील बहुतेक गंभीर आक्षेप सीमांविषयी असतात, कारण येथे वापरकर्त्याने दिलेला आकडा थेट भौतिक पत्ता होतो. फाइलमधील स्थान ६४ बिटांचे असते, पण काही ३२ बिटी यंत्रांवर भौतिक पत्ता ३२ बिटांचाच असतो. तेथे ४ जीबीच्या पुढचे ४ केबीवरील स्थान मागितले की वरचे बिट गळतात आणि तळातले ४ केबीवरील स्थान वाचले जाते. त्यामुळे रूपांतरानंतरचा पत्ता मूळ स्थानाशी ताडून पाहावा लागतो. मूळ ड्रायव्हर ही तुलना करतो. नव्या पॅचमध्ये ती ‘अनावश्यक’ म्हणून वगळली गेली, तर तिच्यावर बोट ठेवले जाणारच. एममॅपमध्ये (उपकरणाची स्मृती थेट प्रक्रियेच्या पत्त्यांवर जोडून देणाऱ्या आज्ञेत) पत्ता अधिक लांबी ही बेरीज उलटून मूळ पत्त्यापेक्षा लहान होत नाही ना, हेही याच कारणाने पाहतात.

वाचन पानाच्या (स्मृतीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) हद्दीवर तोडावे लागते. पान ४०९६ बाइटांचे असेल आणि स्थान ४००० वरून २०० बाइट मागितले असतील, तर आधी ९६ व मग १०४ बाइट वाचायचे. परवानगी पानागणिक तपासली जाते, हे त्याचे कारण. परवानगीचे उत्तर केवळ होय किंवा नाही एवढेच नसते. एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रकारच्या प्रक्रियकांवर) ० म्हणजे नकार, १ म्हणजे मुभा आणि २ म्हणजे वाचणाऱ्याला शून्ये देणे, असे तीन पर्याय आहेत. पॅचमध्ये ‘शून्य नसेल तर मुभा’ असे लिहिले की तिसऱ्या पर्यायातली खरी स्मृती उघडी पडते. ही चूक दिसायला एका चिन्हाची असते, आणि परीक्षकाने याच एका कारणासाठी पॅच परत पाठवला तर त्यात त्याचा अतिरेक नाही.

‘कॉपी टू यूझर’ हे कर्नेलमधील माहिती वापरकर्त्याच्या स्मृतीत उतरवणारे फलन न उतरवलेल्या बाइटांची संख्या परत करते. तीच संख्या पुढे परत दिली तर वापरकर्त्याला चूक कळत नाही, उलट तितके बाइट वाचले गेल्याचा भास होतो. तेथे ईफॉल्ट हा ‘चुकीचा पत्ता’ दर्शवणारा त्रुटीसंकेत द्यावा लागतो. वाचनासाठी एका पानाचा मधला बफर (तात्पुरती साठवणजागा) घेतात. तो चुकीच्या प्रत्येक वाटेवर मोकळा झाला पाहिजे, म्हणून साऱ्या वाटा शेवटच्या एका लेबलाकडे नेतात.

उत्तर लिहिणे : प्रत्येक आक्षेपाचा मजकूर ठेवून त्याच्या लगेच खाली उत्तर लिहितात. सगळे उत्तर वर एकत्र लिहिणे शिष्टसंमत नाही. नुसते ‘केले’ पुरत नाही. काय बदलले व कोणत्या फलनात, हे सांगावे. असहमती चालते, पण ती सकारण हवी. समजा, परीक्षकाने नक्कल करताना स्पिनलॉक (मोकळे होईपर्यंत न झोपता फिरत राहणारे कुलूप) घ्यायला सुचवले. वापरकर्त्याचे पान स्मृतीत नसेल तर ‘कॉपी टू यूझर’ झोपू शकते आणि स्पिनलॉक धरून झोपणे निषिद्ध आहे, म्हणून म्युटेक्स (धरून झोपता येणारे कुलूप) घेतला, असे उत्तर द्यावे. सोबत ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ (निषिद्ध ठिकाणी झोपल्यास इशारा देणारा कर्नेलचा पर्याय) चालू ठेवून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष जोडला की वाद सहसा मिटतो. आक्षेप गाळून दुसरी आवृत्ती पाठवणे हा सर्वांत नुकसानकारक प्रकार होय, कारण त्यानंतर परीक्षक उरलेल्या बदलांवरही विश्वास ठेवत नाही.

दुरुस्ती मालिकेच्या शेवटी नवा पॅच जोडून करत नाहीत. ज्या पॅचमध्ये दोष आहे त्याच्यातच, गिट या आवृत्तीनियंत्रण प्रणालीतील इंटरॲक्टिव्ह रिबेसने (जुने बदल मागे जाऊन सुधारण्याच्या सोयीने) करतात. प्रत्येक टप्प्यावर कर्नेल बांधले गेले पाहिजे, नाहीतर पुढे गिट बायसेक्टने (आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत) दोष शोधणारा मध्येच अडकतो. दुसरी आवृत्ती ‘व्ही२’ अशी खूण करून संपूर्ण मालिकेसह पाठवतात. बदलांची यादी तीन आडव्या रेघांच्या खाली लिहितात. पॅच लावताना तो भाग गळतो व इतिहासात कायमचा राहत नाही. गिट २.१९ (२०१८) पासून उपलब्ध असलेला रेंज-डिफ दोन आवृत्त्यांतला फरक दाखवतो. पॅच बराच बदलला असेल तर आधी मिळालेले ‘रिव्ह्यूड-बाय’ काढून तसे नमूद करावे. किमान एक आठवडा थांबल्याशिवाय स्मरणपत्र पाठवू नये. मर्ज विंडोच्या (नव्या आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याच्या) दोन आठवड्यांतील शांतता हा नकार नव्हे. पाठवण्यापूर्वी चेकपॅच (लेखनशैली तपासणारे) आणि स्पार्स (संहितेतील संभाव्य चुका शोधणारे) ही साधने चालवणे हा सर्वमान्य शिरस्ता आहे.

सांगली-सातारा : सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ही या भागातील जुनी तांत्रिक शिक्षणकेंद्रे. वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. नवशिक्याला येथे दोन गोष्टी अडतात. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरीत कर्नेल सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रावर अनेक वितरणांचे कर्नेल लॉकडाउन, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यावरही (रूटवर) मर्यादा, लागू करते. मग रूट असूनही /डेव्ह/मेम उघडत नाही आणि दोष पॅचचा समजला जातो. क्यूएमू या आज्ञावलीच्या आभासी यंत्रात चाचणी घेतली की हा घोळ होत नाही. दुसरी अडचण संबोधनाची. वर्गात ‘सर’ म्हणून शब्द झेलायची सवय असते, तर परीक्षणात पहिल्या नावाने लिहायचे आणि पटले नाही तर कारणासह सांगायचे असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा येथे हिवाळ्यात रात्रीचे १०.३० आणि उन्हाळ्यात ९.३० झालेले असतात. तिकडच्या परीक्षकाच्या प्रश्नाला बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, चाचणी करून उत्तर दिले जाते.