फ्रिजखालची पांढरी फट

फ्रिज बिघडला म्हणून मेकॅनिकने तो भिंतीपासून पुढे ओढला आणि खाली जे दिसलं ते बघून मी फ्रिजचं विसरूनच गेलो. बोटभर धूळ, दोन मॅग्नेट, वाळून खारीक झालेला एक बटाटा, आणि ते सगळं काढून ओलं फडकं मारलं तर टाइल्समधल्या फटी चक्क पांढऱ्या! नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रीने व्हाइट सिमेंट भरलं होतं अगदी तशाच. तिथून वीतभर पुढे, जिथे रोज फरशी पुसली जाते, तिथे मात्र काळ्याकुट्ट. आई म्हणाली, "तिथे कोण चालतंय?" मुद्दा बरोबर, पण सोफ्याच्या मागेही कुणी चालत नाही, तिथे फक्त मॉप जातो, आणि तिथल्या फटी काळ्याच आहेत.

म्हणजे फटी काळ्या करतंय कोण, तर आपलं पोतेरंच.

झालंय असं की व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण फटीत भरलेलं ग्राउट किंवा व्हाइट सिमेंट म्हणजे शेवटी सिमेंट. ते कालवताना मिस्त्री गरजेपेक्षा जास्त पाणी घालतो (पसरायला सोपं जातं ना), त्यातलं काही सिमेंटशी रासायनिकरीत्या जोडलं जातं आणि उरलेलं उडून जातं, आणि जाताना मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. वरून ही फट टाइलपेक्षा जराशी खोल. आता मॉप फिरवला की गढूळ पाणी आपोआप तिथे उतरतं, पोकळ्या ते दिव्याच्या वातीसारखं आत ओढतात, पंखा लावला की पाणी उडतं आणि माती, तेल, फिनेलचा चिकटपणा आतच राहतो. हे रोज. बोअरचं पाणी असेल तर क्षारही बसतात आणि त्यांच्या खरखरीत थरावर मळ अजून छान धरतो.

गंमत म्हणजे या फटी असतात किती? १० बाय १२ फुटांच्या खोलीत २ बाय २ च्या टाइल्स असतील तर सगळ्या फटी मिळून साधारण १२० फूट लांबी होते, आणि ३ मिलिमीटर रुंदी धरली तर फरशीचा जेमतेम १ टक्का. डोळा मात्र जातो त्या १ टक्क्यावरच.

मग घासायचं कशाने? माझं पहिलं शस्त्र होतं तारेची घासणी. चूक. सिमेंटमधला चुनखडीचा भाग मोह्सच्या काठिण्य मापनावर (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कडक) ३ च्या आसपास आणि पोलाद त्याहून बरंच कडक, त्यामुळे मळासोबत फटही खरवडली जाते. टाइल पोलादापेक्षा कडक निघाली तर तारच झिजून टाइलवर राखाडी रेघ उमटते, आणि तुटलेला तारेचा तुकडा फटीत राहिला की चार दिवसांत गंजाचा डाग.

दुसरं शस्त्र ॲसिड. दिवाळीच्या साफसफाईत बाथरूममध्ये मी ते बिनधास्त ओतलं होतं, फस्स करून फेस आला आणि फटी पांढऱ्याशुभ्र झाल्या, मी घरभर सगळ्यांना बोलावून दाखवलं. तो फेस मळाचा नव्हताच, हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधली चुनखडी खात होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. वरचा मळका थर सिमेंटसकट विरघळला म्हणून खालचा पांढरा दिसला. पण आता पृष्ठभाग आधीपेक्षा खडबडीत, पोकळ्या आधीपेक्षा उघड्या, महिन्याभरात फटी पहिल्यापेक्षा काळ्या. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवरावर तर ॲसिडचं नावच काढू नका, हे सगळे चुनखडीचेच भाऊबंद आहेत, लिंबाचा रस सांडला तरी पॉलिश जातं. आणि ॲसिड आणि ब्लीच कधीही, चुकूनसुद्धा, एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन निघतो, पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये बेल्जियममधल्या यीप्रच्या आघाडीवर सोडला होता तोच वायू, आणि आपलं बाथरूम तर चार बाय सहाचं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर? व्हिडिओत फेस छान दिसतो. पण एक अल्कली आणि एक आम्ल, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं थोडं मिठासारखं पाणी. त्यापेक्षा नुसत्या सोड्याची ओली पेस्ट बरी, ती निदान हळुवार घासते तरी.

खरं काम करतं ते साधं नायलॉनचं ब्रश. जुना टूथब्रश चालतोच, आणि त्याचा तो मानच आहे म्हणा, कारण नायलॉन बाजारात पहिल्यांदा आलं ते १९३८ साली टूथब्रशचे केस म्हणूनच, त्याआधी डुकराचे केस वापरायचे. नायलॉन सिमेंटपेक्षा मऊ, मळापेक्षा कडक, बस्स. फक्त ब्रश अरुंद आणि ताठ केसांचं हवं, कारण हाताचा जोर तोच पण जागा कमी म्हणजे दाब जास्त. रुंद ब्रशने टाइलच घासली जाते, फट कोरडीच राहते. ड्रिलला लावायचं गोल ब्रशही मिळतं, मनगट वाचतं, पण मिस्त्रीने फट नीट भरली नसेल तर भुगा बाहेर येतो.

घासण्याआधी मात्र मळ सुटायला वेळ द्या. किचनमधला मळ तेलकट, त्याला अल्कली लागते. सोडियम परकार्बोनेट नावाची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात गेली की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे होतात, एक तेल सोडवतो, दुसरा रंग घालवतो. हातमोजे घालून फटीवर ओता, १५ मिनिटं चहा प्या, मग घासा.

स्टीम क्लीनरवाले "केमिकल नको" म्हणतात, त्यात तथ्य आहे. ३० अंशांचं १ किलो पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी साधारण २,२६०. ती सगळी ऊष्णता वाफ फटीवर थंड होताना तिथेच सोडते, चरबी लगेच पातळ होते. नोझल मात्र अगदी जवळ हवं, वीतभर लांब धरलं तर नुसतं धुकं.

आता इथेच सगळे थांबतात आणि घोळ होतो. मळ सुटला, पाण्यात आला, आणि ते पाणी फरशीवर तसंच वाळलं की परत आत. म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हत्यार ब्रश नाहीच, ते आहे रबराचं वायपर आणि मायक्रोफायबरचं कोरडं फडकं. मायक्रोफायबरचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि त्या धाग्यांमधल्या फटी ग्राउटच्या पोकळ्यांशी पाण्यासाठी अक्षरशः स्पर्धा करतात. रोजच्या पुसण्यालाही दोन बादल्या, एक पिळायची, एक स्वच्छ पाण्याची. कंटाळवाणं आहे, मान्य.

फ्रिज परत ढकलण्याआधी मी त्या पांढऱ्या फटीवर पाण्याचा एक थेंब टाकला. बघता बघता आत गेला आणि जागा राखाडी झाली. म्हणजे पाणी आत शिरू न देणारं सील लावलेलंच नव्हतं. सीलर आणून, फट पूर्ण वाळवून, लावलं आणि दुसऱ्या दिवशी थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला. मी कौतुकाने आईला बोलावलं. ती म्हणाली, "वा, जिथे कुणी बघत नाही तिथेच लाव."