दुपारच्या वाऱ्यावर चढणारा वणवा

फेब्रुवारी लागला की संगमेश्वर-चिपळूणकडच्या सड्यांवरचं, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरचं गवत वाळून सळसळायला लागतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊन कमरेएवढं वाढलेलं हे गवत आता नुसतं सरपण. त्याला आग लागते ती बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. कुणी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत असतो, कुणी काजूची बाग साफ करत असतो, कुणी विडी टाकून पुढे गेलेला असतो.

पुढचं काम वारा करतो. दुपारी समुद्रापेक्षा जमीन जास्त तापते, खारे वारे सुटतात आणि वाहतात थेट सह्याद्रीकडे. त्यात चढ लागला की ज्वाळा वरच्या गवताकडे कलतात आणि ते पेटण्याआधीच तापून कोरडं होतं. चढ दहा अंशांनी वाढला तर आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वाटेत कुणाची कलमं, गावचं गायरान, मग राखीव जंगल आणि माथ्यावर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तो तर सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. आग एकच, पण दर टप्प्यावर जबाबदार माणूस बदलतो.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना मोबाईलवर पाठवते. त्यातला बारीक नजरेचा संवेदक ३७५ मीटरचा ठिपका टिपतो, पण तो दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून गेला की पुन्हा येतो मध्यरात्रीनंतर. तीन वाजता पेटलेला सडा तोवर जळून काळा झालेला असतो.

म्हणून माझा भर जाळरेषेवर आहे. वणव्याचे दिवस यायच्या आधीच, वारा पडलेला असताना, गवताचा पट्टा कापून राखणीत जाळून टाकायचा, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. सड्यावर तर जांभ्याचा उघडा कातळ आयताच मिळतो. कातळाचे तुकडे एकमेकांना जोडले की निम्मं काम झालं. पण वनखात्याची रेषा वनाच्या हद्दीवर थांबते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खाजगी मालकीचं आहे. रेषेत एका मालकाची जागा सुटली, तरी आग तिथूनच आत शिरते.

१९२७ च्या वन कायद्याचं कलम ७९ जंगलात हक्क असलेल्यांना जवळपासची आगही वनात शिरू न देण्याचं कर्तव्य सांगतं. ते पाळायचं तर दिवाळी सरताच सरपंच, बागायतदार, वनरक्षक आणि पलीकडच्या जिल्ह्याचे वनाधिकारी यांनी एका नकाशावर रेषा आखायला हवी. खालच्या गावातल्या पोलीस पाटलाच्या फोनमध्ये घाटमाथ्यावरच्या वनरक्षकाचा नंबर हवा आणि त्याच्या फोनमध्ये पाटलाचा.