मिजलीचं शिसं आणि उलटणारे शोध

गिलोटिन शोधणारा डॉक्टर शेवटी गिलोटिनवरच मेला, ही गोष्ट बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'बघा, करावं तसं भरावं' असा भावही असतो. गोष्ट साफ खोटी आहे. डॉ. गियोतँ १८१४ साली पॅरिसमध्ये आजारपणाने वारले. शिवाय ते यंत्र त्यांनी बनवलेलंच नव्हतं. देहदंड सर्वांना सारखाच आणि यंत्राने दिला जावा, एवढं त्यांनी १७८९ मध्ये सुचवलं होतं. आराखडा होता अंत्वान लुई या शल्यविशारदाचा.

अशा गोष्टींमध्ये आणखी दोन नावं हमखास येतात. १९१२ मध्ये स्वतः शिवलेला पॅराशूट-पोशाख घालून आयफेल टॉवरवरून उडी मारणारा फ्रान्झ राइशेल्ट, आणि १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून गेलेला ओटो लिलिएंथाल. दोघांबद्दल हळहळ वाटते, पण हे अपघात. पॅराशूट उघडलंच नाही, म्हणजे तिथे शोध फसला, उलटला नाही. उलटलेला शोध चोख काम करतो, आणि ज्या गुणामुळे करतो त्याच गुणामुळे अंगाशी येतो. भस्मासुराच्या वरात काही खोट नव्हती, म्हणून तर तो जळाला.

या व्याख्येत नेमका बसणारा माणूस म्हणजे थॉमस मिजली.

मिजली अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी संशोधन करत होता. अडचण होती इंजिनातल्या नॉकिंगची. पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, आणि ज्योत सिलिंडरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागते. पण ज्योत पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने इतकं तापतं की आपोआप भडकतं. खडखडाट होतो, ताकद वाया जाते, पिस्टनची वाट लागते. मिश्रण जास्त दाबलं तर इंजिन जास्त ताकद देतं, पण नॉकिंगही वाढतं. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

मिजलीने आयोडीन, अॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम असं काय काय पेट्रोलमध्ये घालून पाहिलं. (टेल्युरियमचा वास अंगाला असा चिकटतो की माणसं चार हात लांब उभी राहतात.) ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग टाकलं आणि खडखडाट थांबला. हजार भाग पेट्रोलला एक भागाहूनही कमी पुरत होतं.

इतकं थोडं पुरतं कसं? आपोआप भडकणं ही साखळी-अभिक्रिया असते. उष्णतेने पेट्रोलचे रेणू तुटून मुक्त मूलक तयार होतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे हे तुकडे भेटेल त्या रेणूला फोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि क्षणार्धात सगळं मिश्रण पेटतं. ही साखळी तोडायची तर मूलकांना निकामी करणारं काहीतरी अतिशय बारीक रूपात सगळीकडे पसरलेलं हवं. शिशाचं संयुग ते काम करू शकतं, पण धातू पेट्रोलमध्ये विरघळवणार कसा? टेट्राएथिल लेडमध्ये शिशाच्या एका अणूला चार एथिल गट जोडलेले असतात. हे गट हायड्रोकार्बनचे, म्हणजे पेट्रोलच्याच जातीचे, त्यामुळे रेणू पेट्रोलमध्ये सहज मिसळतो. आणि शिसं-कार्बन बंध कमकुवत असतो. सिलिंडरच्या उष्णतेत चारही गट गळून पडतात, मोकळं झालेलं शिसं ऑक्सिजनशी जुळून ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनतात, आणि त्यांच्यावर आदळून मूलक थंडावतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने काम देखणं आहे, हे मान्य करावंच लागतं.

आता हाच रेणू हातावर सांडला तर? साधं शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. पण जे पेट्रोलमध्ये विरघळतं ते चरबीतही विरघळतं. त्वचा, पेशींची आवरणं, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा, सगळं पार होतं. पुढे यकृतातली विकरं (एन्झाइम) त्याचा एक एथिल गट काढून घेतात. इंजिनात जो बंध सहज तुटतो, तोच इथेही तुटतो. उरतं ते धनभारित ट्रायएथिल लेड, आणि चेतापेशींचा खरा वैरी तेच.

१९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या टेट्राएथिल लेडच्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. डीपवॉटरच्या अशाच कारखान्यातले कामगार हवेत नसलेले किडे झटकत असत. त्या इमारतीला कामगारांनीच 'फुलपाखरांचं घर' असं नाव ठेवलं होतं. महिनाअखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाल्याने तो स्वतः फ्लोरिडात विश्रांती घेऊन आला होता! विक्रीसाठी नाव ठेवलं नुसतं 'एथिल'. शिसं हा शब्दच गाळला की भीतीही गळते, हे जाहिरातवाल्यांना तेव्हाही कळत होतं.

पुढे त्याच्याच चमूने शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू शोधले. ते कशाशीच अभिक्रिया करत नाहीत म्हणून सुरक्षित, आणि म्हणूनच न विघटता स्थितांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत, चढून तिथे ओझोन खाणारं क्लोरीन सोडणारे. तर्क तोच.

१९४० मध्ये मिजलीला पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या-कप्प्यांची रचना केली आणि २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेला. इथे लोक 'नियतीचा न्याय' म्हणून हात जोडतात. पण दोरीला शिशाचं काय माहीत? नियती हिशेब चुकवत असेल, तर कधी मोटारीत न बसलेल्या मुलांच्या रक्तात मोटारींच्या धुरातून शिसं का गेलं, याचंही उत्तर तिने द्यावं.

शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये बंद झालं, आणि ते मोटारींपुरतंच. पिस्टनवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या इंधनात बऱ्याच ठिकाणी टेट्राएथिल लेड अजूनही घालतात. कारण जुनंच, नॉकिंग.